शंभर ग्रॅमचा भरवसा: घरगुती वजनकाट्याबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी घरगुती वजनकाट्यांविषयी बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: डिजिटल काटा घ्यायचा आहे. अगदी स्वस्तातल्या काट्यावरही '१०० ग्रॅमपर्यंत अचूक' लिहिलेलं असतं आणि तिप्पट किमतीच्या काट्यावरही तेच. मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

उत्तर: बहुतेक वेळा वजनाचे नाहीत. काटा उलटा करून पाहा. चार कोपऱ्यांना चार पाय दिसतील. प्रत्येक पायात एक लोड सेल असतो: धातूची लहानशी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेली नागमोडी, बारीक तारेची जाळी. तुम्ही वर उभे राहिलात की पट्टी किंचित वाकते, जाळी ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. चारही पायांवरचा भार एकत्र मोजून आतली चिप किलोचा आकडा दाखवते. साधारण ५० किलोचा एक असे चार सेल, ही रचना स्वस्त काट्यात असते आणि महागड्या काट्यातही जवळपास हीच असते. वरचे पैसे ब्लूटूथ, ॲप, चरबीचं प्रमाण, रंगीत पडदा यांचे जातात.

'१०० ग्रॅम' या शब्दांनी मात्र सर्रास फसवणूक होते. तो काट्याचा टप्पा आहे, म्हणजे ७०.३ नंतर काटा ७०.४ दाखवू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. खरं वजन ६९.८ असलं तरी तो बिनदिक्कत ७०.४ दाखवेल आणि तरीही त्याचा टप्पा १०० ग्रॅमचाच राहील. अचूकतेची मर्यादा वेगळी असते. ती दिलेली असलीच तर माहितीपुस्तिकेत, तांत्रिक तपशिलात, ± चिन्हासह असते, आणि कमी वजनाला एक, जास्त वजनाला थोडी मोठी अशी टप्प्याटप्प्याने सांगितलेली असते. ती वाचल्याशिवाय ५० ग्रॅमच्या टप्प्यासाठी जादा पैसे मोजू नका. शेवटचा आकडा बारीक असला म्हणून मोजमाप बारीक होत नाही.

घेताना पाहायच्या गोष्टी थोड्याच. घरातल्या सर्वांत वजनदार माणसापेक्षा काट्याची क्षमता किमान २० ते ३० किलो जास्त हवी. दोन्ही पाय पूर्ण टेकतील एवढी काच रुंद हवी. तीस सेंटिमीटरपेक्षा लहान चौकोनावर मोठ्या माणसाची टाच कडेवर येते. आकडे उभ्यानं वाचता यावेत. चारही पायांना जाड रबरी बूट हवेत. बॅटरीचे सेल कोणते लागतात तेही विचारा: बारीक पेन्सिल सेल कुठेही मिळतात आणि नाण्यासारख्या चपट्या सेलपेक्षा जास्त टिकतात. आणि परत करण्याची मुदत आठवड्याची तरी असावी. अनुभवी ग्राहक ही अट सर्वांत वर ठेवतात, कारण काट्याची खरी परीक्षा घरीच होते.

प्रश्न: घरी आणलेला काटा बरोबर आहे की नाही, हे प्रमाणित वजनं नसताना कसं तपासायचं?

उत्तर: पाण्यानं. डंबेल किंवा व्यायामाच्या चकत्या वापरू नका. त्यांच्यावर कोरलेल्या आकड्यात आणि खऱ्या वजनात काही टक्क्यांचा फरक सहज असतो. पाण्याचं तसं नाही. २५ अंश सेल्सिअसला १ लिटर पाण्याचं वजन सुमारे ९९७ ग्रॅम भरतं.

स्वयंपाकघरातला १ ग्रॅम टप्प्याचा काटा घ्या. आधी तोच तपासा: रेघा असलेल्या मापानं १ लिटर पाणी तोला. ९९० ते १,००५ च्या आसपास आलं तर तो काटा कामाचा. ९६० किंवा १,०४० आलं तर माप किंवा काटा, दोहोंपैकी एक खोटं आहे. दुसरं माप घेऊन पाहा. मग रिकामा जग काट्यावर ठेवून शून्य करा, २,००० ग्रॅम पाणी भरा आणि कॅनमध्ये ओता. असं दहा वेळा करा. जगाला आत थेंब चिकटून राहतात, म्हणून प्रत्येक वेळी ओतल्यावर जग ठेवून पुन्हा शून्य करा. २० किलो पाणी तयार झालं. कॅन दोन घ्या, १० किलोचा एक. दोन्ही कॅन रिकामे असतानाच तोलून ठेवलेले असावेत. ते वजन यात मिळवायचं.

आता मोठा काटा सपाट फरशीवर ठेवा. त्यावर एकटे उभे राहून आकडा लिहा. उतरा, पडदा बंद होऊ द्या. मग दोन्ही हातांत एकेक कॅन घेऊन पुन्हा उभे राहा. दोन आकड्यांतला फरक २० किलो अधिक रिकाम्या कॅनचं वजन एवढा यायला हवा. ०.१ किलो इकडेतिकडे चालेल. ०.२ आलं तर पुन्हा दोनदा करून पाहा. ०.४ आलं तर तो २ टक्क्यांचा दोष झाला, म्हणजे ७० किलोच्या माणसाला सुमारे १.४ किलोची चूक. असा काटा मुदतीत परत करावा.

पाणी २० किलोच का? प्रत्येक आकडा १०० ग्रॅमच्या टप्प्यावर गोल केलेला असतो, त्यामुळे त्यात ५० ग्रॅमपर्यंतची चूक आधीच दडलेली असते. दोन आकड्यांच्या वजाबाकीत ती १०० ग्रॅम होऊ शकते. २० किलोवर १०० ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का. १० किलोवर तेच १ टक्का होतं आणि निकाल धूसर होतो. पाठीचा त्रास असणाऱ्यांनी वजन उचलू नये. त्यांनी काट्याच्या मधोमध लाकडी ठोकळा ठेवावा आणि कॅन त्यावर ठेवावेत, म्हणजे पडदा झाकला जात नाही. ठोकळ्याचं वजन अर्थात वजा करायचं.

याच्या जोडीला कोपऱ्यांची परीक्षा घ्या. आधी मधोमध उभे राहा, मग चार बोटं पुढे सरकून, मग मागे, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक वेळी उतरून नव्यानं चढा आणि काचेच्या कडेवर मात्र भार देऊ नका. एखाद्या बाजूला आकडा ०.३ किलोपेक्षा जास्त बदलला तर त्या कोपऱ्यातला सेल कमजोर आहे किंवा तो पाय जमिनीला नीट टेकत नाही. काटा ९० अंशांत फिरवून पुन्हा पाहा. दोष काट्याबरोबर फिरला तर काट्याचा, जागच्या जागी राहिला तर फरशीचा.

प्रश्न: माझा काटा लागोपाठ पाच वेळा ६४.७ च दाखवतो, एका ग्रॅमचाही फरक नाही. म्हणजे उत्तम काटा मिळाला ना?

उत्तर: इतक्यात खूश होऊ नका. अनेक काट्यांना स्मरण असतं. नवं वजन आधीच्या वजनाच्या अगदी जवळ आलं, साधारण दोनशे ते पाचशे ग्रॅमच्या आत, तर ते नव्यानं मोजलेला आकडा बाजूला ठेवून जुनाच पुन्हा दाखवतात. ग्राहकाला आकडा स्थिर दिसतो आणि तो समाधानी होतो. आमच्या मते ही लबाडी आहे, कारण वजनाच्या ज्या बारीक बदलासाठी माणूस रोज काट्यावर चढतो, तोच बदल ती गिळून टाकते.

ओळखायची रीत सोपी. एकदा वजन करा. मग पाव लिटर पाण्याची बाटली हातात घेऊन चढा. आकडा ०.२ किंवा ०.३ नं वाढला तर काटा प्रामाणिक. तसाच राहिला तर अर्ध्या लिटरची घ्या, मग एक लिटरची. कुठल्या टप्प्यावर आकडा अचानक उडी मारतो तेवढं त्याचं स्मरण.

असा काटा आधीच घेतला असेल तर दर वेळी मध्ये भलतंच वजन घाला: भरलेली पिशवी घेऊन एकदा चढा, उतरा, पडदा बंद होऊ द्या आणि मग रिकाम्या हातानं चढा. जुना आकडा पुसला जातो. पाच वेळा मोजण्याची परीक्षाही याच रीतीनं करा. पाचही आकडे ०.२ किलोच्या आत आले तर काट्यात सातत्य आहे. घरगुती काट्यात हा गुण सर्वांत मोलाचा. अर्धा किलो जास्त पण रोज तेवढंच जास्त दाखवणाऱ्या काट्यावरून वजन वाढतंय की घटतंय हे नीट कळतं. त्याचा पासंग ठाऊक झाला की वजा करता येतो. आज अर्धा किलो जास्त आणि उद्या अर्धा किलो कमी दाखवणाऱ्या काट्याचं काहीच करता येत नाही.

प्रश्न: वापर झाल्यावर काटा भिंतीला उभा टेकवून ठेवतो. सकाळी पहिला आकडा हमखास एक-दोन किलोंनी चुकतो, दुसरा बरोबर येतो. बिघाड आहे का?

उत्तर: बिघाड नाही, शून्य चुकतं आहे. पाय ठेवताच चालू होणारे काटे शेवटचं शून्य लक्षात ठेवतात आणि त्यावरून मोजतात. उभा ठेवला की काचेचं स्वतःचं वजन पायांवर वेगळ्या तऱ्हेनं येतं आणि त्याच अवस्थेतलं शून्य काटा धरून बसतो. हलवलेला किंवा उभा ठेवलेला काटा आडवा मांडल्यावर पायानं मधोमध एकदा दाबा. आकडे उजळतील, ०.० येईल आणि पडदा आपोआप बंद होईल. त्यानंतर चढा. चढताना आधी एक पाय, मग रेंगाळत दुसरा असं करू नका. दोन्ही पाय पटकन ठेवा आणि आकडा थांबेपर्यंत समोर बघत स्थिर राहा. मान खाली घालून पाहिलं की तोल पुढे जातो आणि आकडा थांबायला वेळ लागतो.

शक्य असेल तर काट्याला कायमची एक जागा द्या. त्यानं अर्धा त्रास मिटतो.

प्रश्न: बाथरूममध्ये एक आकडा, गालिच्यावर दुसराच. खरा कोणता?

उत्तर: कडक, सपाट, कोरड्या फरशीवरचा. गालिच्यात पाय रुततात आणि काट्याचा तळ गालिच्याला टेकतो. मग थोडा भार सेलला चुकवून तळातून थेट खाली जातो आणि वजन कमी दिसतं, कधी कित्येक किलोंनी. काही काट्यांबरोबर गालिच्यासाठी उंच बूट मिळतात. त्यांनी बरंच काम भागतं, तरी फरशीची सर येत नाही. फरशीवरही टाइल्सच्या सांध्यावर एखादा पाय येऊ देऊ नका. पाणसळ असेल तर लावून पाहा. नसेल तर चारही कोपरे बोटांनी आळीपाळीनं दाबा. काटा डुगडुगला तर जागा बदला.

बाथरूममध्ये काटा न ठेवलेलाच बरा. गरम पाण्याची वाफ आतल्या पट्टीवर आणि बॅटरीच्या टोकांवर साचते, गंज धरतो, आकडा भरकटायला लागतो. ओल्या काचेवर पाय घसरतो ही भीती वेगळीच. काटा ओल्या फडक्यानं पुसा, पाण्याखाली धरू नका. महिन्यातून एकदा उलटा करून पायांभोवतीचे केस आणि धूळ मऊ ब्रशनं काढा. पाय आणि तळ यांच्यामध्ये कचरा अडकला की पाय खाली-वर हलत नाही आणि तो कोपरा मुका होतो.

प्रश्न: दवाखान्यातला काटा ७१.८ म्हणतो, घरचा ७०.४. घरचा काटा टाकून द्यावा का?

उत्तर: आधी दोन्ही वजनं सारख्या स्थितीत घेतली होती का ते पाहा. कपडे, बूट, पट्टा, खिशातला फोन आणि किल्ल्या मिळून एक ते दीड किलो सहज होतात. घरी सकाळी उपाशीपोटी आणि तिथे दुपारच्या जेवणानंतर, असं असेल तर आणखी किलोभर. त्याच कपड्यांत, दवाखान्यातून घरी आल्याआल्या वजन करा. तरीही किलोभराचा फरक राहिला तर वर सांगितलेली पाण्याची परीक्षा घ्या.

दवाखान्यातला काटा अचूकतेच्या तिसऱ्या वर्गाचा प्रमाणित, म्हणजे अधिकृत पडताळणी झालेला काटा असेल तर त्याचा मान मोठा. आंतरराष्ट्रीय कायदेशीर मापनशास्त्र संघटनेच्या आर ७६ या शिफारशीनुसार, १०० ग्रॅमच्या पडताळणी टप्प्याच्या अशा काट्याला पहिल्या पडताळणीत ५० किलोपर्यंत ५० ग्रॅम आणि त्यापुढे २०० किलोपर्यंत १०० ग्रॅम एवढीच चूक माफ असते. वापरात आल्यावर त्याच्या दुप्पट. म्हणजे ७० किलोच्या माणसाला वापरातला प्रमाणित काटासुद्धा २०० ग्रॅम इकडेतिकडे दाखवू शकतो. बाथरूमच्या काट्याकडून यापेक्षा जास्तीची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट, लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठी. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसतं: विषुववृत्तावर सुमारे ९.७८०, ध्रुवांवर ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग. लोड सेलचा किंवा स्प्रिंगचा काटा विषुववृत्तावर जुळवून ध्रुवाकडे नेला तर ७० किलोचा माणूस तिथे साडेतीनशे ग्रॅमहून थोडा जास्तच भरेल. दांडीवर वजन सरकवायच्या काट्याला हा फरक लागत नाही, कारण दोन्ही बाजूंचा भार सारखाच बदलतो.

प्रश्न: हृदयविकारामुळे रोज वजन लिहायला सांगितलं आहे. काटा कोणता घ्यावा, आणि रोजच्या चढ-उतारातला धोक्याचा कोणता?

उत्तर: या कामाला स्मरण नसलेला काटाच हवा, घेण्यापूर्वी किंवा मुदतीत बाटलीची परीक्षा कराच. अंगात पाणी साचू लागलं की वजन थोडं थोडं चढतं, आणि स्मरण असलेला काटा पहिले एक-दोन दिवस तोच आकडा दाखवत राहू शकतो. मोठ्या, ठळक आकड्यांचा, रुंद आणि बुटका काटा घ्या. तोल जात असेल तर समोर खुर्ची असू द्या, पण आकडा थांबताना तिला हात लावू नका. हातावर गेलेला भार काट्याला दिसत नाही.

रोज उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करा आणि लगेच वहीत लिहा. निरोगी माणसाचंही वजन दिवसभरात एक-दोन किलो खाली-वर होतं; अर्धा लिटर पाणी प्यायलं की त्याच क्षणी अर्धा किलो वाढतो. वेळ पाळली की यातला बराच गोंधळ निघून जातो. धोक्याची मर्यादा तुमचे डॉक्टर ठरवतील. सहसा ३ दिवसांत २ किलोंहून जास्त वाढ झाली की कळवायला सांगतात. काटा बदलावा लागला तर जुना आणि नवा दोन्ही आठवडाभर वापरून त्यांच्यातला फरक वहीत नोंदवा, नाहीतर काट्यातला फरक अंगातला वाटेल.

वजन उतरवण्यासाठी नोंद ठेवणाऱ्यांनी रोजचा आकडा मनाला लावून घेऊ नये. सात दिवसांची सरासरी काढा आणि ती मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहा.

प्रश्न: चरबी, स्नायू, हाडं, अंगातलं पाणी असं सगळं सांगणारा काटा घ्यावा का?

उत्तर: वजनासाठी घेणार असाल तर गरज नाही. असा काटा तळपायातून अगदी क्षीण, १ मिलिअँपियरच्या आतला विद्युतप्रवाह सोडतो आणि शरीराचा अडथळा मोजतो. प्रवाह एका पायातून वर जाऊन दुसऱ्यातून खाली येतो. छाती आणि हात त्याला जवळपास भेटतच नाहीत. बाकीचं सगळं उंची, वय, लिंग यांच्या सूत्रानं काढलेलं असतं. पाणी प्यायल्यावर, घाम आल्यावर, तळपाय ओले असल्यावर आकडा बदलतो, आणि खऱ्या प्रमाणापेक्षा काही टक्क्यांनी चुकणं नेहमीचं आहे. एकाच काट्यावर, एकाच वेळी, कित्येक महिने नोंद केली तर कल कळू शकतो. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं विद्युत उपकरण असलेल्यांनी या प्रकारच्या काट्यावर उभं राहू नये. गरोदरपणातही चरबीचं मापन टाळावं असंच उत्पादक सांगतात.

प्रश्न: बाळाला कडेवर घेऊन वजन करायचं आणि आपलं वजा करायचं, हे चालतं का?

उत्तर: मोठ्या, दोन-तीन वर्षांच्या मुलाला चालतं. तान्ह्या बाळाला नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळ दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं, आणि वजाबाकीत १०० ग्रॅमची चूक केवळ टप्प्यामुळेच येऊ शकते. आठवड्याची सगळी वाढ त्यात हरवते आणि आई-वडील विनाकारण धास्तावतात. १० ग्रॅम किंवा त्याहून बारीक टप्प्याचा, बाळाला निजवायचा काटा वापरा, नाहीतर दवाखान्यात वजन करून घ्या.

प्रश्न: बॅटरीच्या सेलची कटकट नको म्हणून तबकडीचा काटा घ्यावा का?

उत्तर: अर्धा-एक किलोचा फरक चालत असेल तर जरूर. त्यात तरफा आणि स्प्रिंग असते, टप्पा सहसा ५०० ग्रॅम किंवा १ किलोचा. दर वेळी चढण्यापूर्वी कडेच्या चाकानं सुई शून्यावर आणा. सुई नेमकी वरून वाचा. तिरकं पाहिलं तर अर्धा किलो इकडचा तिकडे वाटतो. वर कपड्यांची टोपली ठेवून देऊ नका, सतत ताणलेली स्प्रिंग ढिली पडते.

प्रश्न: काल ७० होता, आज काटा एकदम १५४ दाखवतो!

उत्तर: तळाचं एकक बदलायचं बटण दाबलं गेलं आहे. हे पौंड आहेत. १ किलो म्हणजे सुमारे २.२ पौंड. अकराच्या आसपासचा आकडा दिसला तर तो स्टोन, १४ पौंडांचा एक. बटण पुन्हा दाबून किलोवर आणा. पडद्यावर 'लो' आलं तर बॅटरीचे सेल बदला, आणि चार सेल असतील तर चारही एकदम, एकाच जातीचे घाला. बदलल्यावर पायानं दाबून शून्य करून घ्यायचं विसरू नका.